रोल घेशील, पण उघडून घे

ऐक गं, नाणी जमवायचा नाद तुला लागला याचा मला मनापासून आनंद आहे. पण काल तू फोनवरची ती जाहिरात दाखवलीस ना, पन्नास नाण्यांचा सीलबंद रोल, आत काहीही दुर्मीळ निघू शकतं म्हणणारी, तेव्हापासून माझ्या मनात तेच घोळतंय. पैसे पाठवण्याआधी जरा बोलू या आपण.

आधी हिशेब कर. दोन रुपयांच्या पन्नास नाण्यांची दर्शनी किंमत शंभर रुपये. विकणारा चारशे मागतो, तर वरचे तीनशे कशाचे? आत अमुक साल आहे, अमुक टांकसाळीचं आहे, नाणी अजिबात वापरलेली नाहीत, असं काही तो दाखवू शकला तर त्या माहितीचे पैसे द्यायला माझी हरकत नाही. नुसत्या ‘निघू शकतं’साठी एक रुपयाही जास्त देऊ नकोस. ज्याच्या हातात रोज शेकडो नाणी येतात, तो चांगलं नाणं आत राहू देईल का? रोल कुणीही पुन्हा बांधू शकतो. दोन्ही टोकांना लखलखीत नाणी आणि मध्ये बाजारात झिजलेली, हा प्रकार जगभर चालतो. म्हणून रोल समोर उघडायला लावायचा. विकणारा ‘उघडला की किंमत जाते’ म्हणाला, तर नमस्कार करून उठायचं.

ऑनलाइन घ्यायचा असेल तर प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो माग, आणि वजन विचार. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घरात असू दे. २०११ च्या मालिकेतला एक रुपया ३.७९ ग्रॅमचा, दोन रुपये ४.८५ ग्रॅमचे, दहाचं दोन धातूंचं नाणं ७.७१ ग्रॅमचं. म्हणजे त्या मालिकेतली एक रुपयाची पन्नास नाणी साधारण १८९ ग्रॅम भरायला हवीत. वजनात मोठा फरक दिसला की समजायचं, आत काहीतरी वेगळं आहे.

मग भिंग घेऊन सालाच्या खाली बघ. तिथे चौकटच्या पानासारखी खूण असेल तर नाणं मुंबईचं, पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या सालावर ठिपका दाखवून कुणी जास्त पैसे मागू लागलं तर तिथेच थांब. शिवाय मधल्या काळात आपली काही नाणी परदेशात पाडून घेतली होती. १९८५ च्या रुपयावर इंग्रजी एच दिसला तर तो बर्मिंगहॅमचा. एकाच सालाची चारही टांकसाळींची नाणी जुळवताना जी मजा येते ना, ती शंभर सारख्या नाण्यांच्या रोलमध्ये नाही.

तू वर्ध्याची मुलगी आहेस, तर मी तुला सगळ्या देशाची नाणी जमव असं म्हणणार नाही. आपल्या मातीशी नातं असलेली नाणी धर. गांधीजी १९३० मध्ये स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही म्हणून दांडीला निघाले, तिकडे परत राहायला गेलेच नाहीत, आणि जमनालाल बजाजांच्या आग्रहाने वर्ध्याला आले. आधी मगनवाडी, मग १९३६ मध्ये शेगाव, जे पुढे सेवाग्राम झालं. दांडीयात्रेला ७५ वर्षं झाली तेव्हा, २००५ मध्ये, पाच रुपयांचं नाणं निघालं. माझ्या दृष्टीने ते आपल्या जिल्ह्याचंच नाणं आहे. ते दोन धातूंमध्ये आहे, तांबं-निकेलमध्ये आणि स्टीलमध्ये. चुंबक लाव, चिकटलं तर स्टीलचं. खादी ग्रामोद्योग आयोगाच्या पन्नाशीचं २००७ चं पाचाचं नाणंही याच डब्यात शोभेल.

आणि ‘१८६९–१९४८’ लिहिलेली जन्मशताब्दीची नाणी तर हवीतच. वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया, आणि दहा रुपयांचं चांदीचं, पंधरा ग्रॅमचं, ज्यात ८० टक्के चांदी आहे. इथे चुंबकाने गोंधळून जाऊ नकोस. पन्नास पैसे आणि रुपया निकेलचे आहेत, ते खरे असूनही चुंबकाला चिकटतात. दहाचं चांदीचं मात्र चिकटता कामा नये. वीस पैशांचं पिवळं नाणं, मग ते गांधींचं असो की कमळाचं, त्यात सोनं आहे असं खेड्यापाड्यात अजून सांगतात. सोनं नाही गं, बहुतेक तांबंच, थोडं ॲल्युमिनियम आणि निकेल. ही सगळी छोटी नाणी भरपूर पाडली गेली होती, त्यामुळे त्यांच्या रोलला ‘दुर्मीळ’ म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही.

चांदीच्या जुन्या रुपयांची नळी कुणी आणली तर आणखी सावध राहा. राणीछाप आणि पंचम जॉर्जचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी. झिजलेला थोडा हलका भरेल, पण ग्रॅमभर कमी भरला तर घेऊ नकोस. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा तर निकेलचाच आहे, म्हणून साल वाचल्याशिवाय चांदीचा भाव द्यायचा नाही. १९३९ चा रुपया खरोखर दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकला फार. ओळखीच्या सराफाकडे तपासून घे, आणि पावतीशिवाय घेऊ नकोस. ‘शेतात नांगरताना मडकं सापडलं’ म्हणणाऱ्याकडून तर अजिबात नको. असं गुप्तधन १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कुणाच्या गोष्टीपायी तू अडकायला नकोस.

नाणं विकण्याची दुसरी बाजूही सांगते, कारण त्यात फार भल्या घरच्या बायका फसतात. वैष्णोदेवीच्या २०१२ च्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, अशा बातम्या फिरतात. मग फोन येतो, तुमचं नाणं घेतो, आधी नोंदणीचे, मग कराचे, मग प्रमाणपत्राचे पैसे भरा. पत्रावर रिझर्व्ह बँकेचं नावही असतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की ती अशा व्यवहारात नसते आणि कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही. जो विकत घेणार आहे त्याने पैसे द्यायचे असतात, तुझ्याकडून मागायचे नसतात.

नवी नाणी हवीत तर आधी आपल्या बँकेत विचार. २०२२ मध्ये आलेली अमृत महोत्सवाची एक ते वीस रुपयांची नाणी चलनासाठीच काढलेली आहेत, ती कॅशियरकडे दर्शनी किमतीत मिळू शकतात. एकदा नाही मिळाली तर पुन्हा विचारायचं. स्मारक नाण्यांचे प्रूफ संच सरकारी टांकसाळी स्वतः विकतात, तिथली किंमत आधी बघ आणि मगच दलालाला विचार. नागपूरला गेलीस तर अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, जाऊन ये. जुनी नाणी नीट बघितली की नजर तयार होते.

घरी आणलेलं नाणं चिंचेने किंवा राखेने घासू नकोस. चमक येईल, किंमत जाईल. कडेने धर, मऊ प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस, पावसाळ्यात डबा कोरड्या जागी ठेव. आणि एका रोलमधून तीनचार उत्तम नाणी निवडून बाकीची चलनात सोडून दे. आठवडी बाजारात सुट्ट्यांची चणचण असतेच, भाजीवाली खूश होईल. फक्त एका वेळी हजार रुपयांपर्यंतच नाणी कायद्याने चालतात. चार आणे आणि त्याहून लहान नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, ती सापडली तर ठेवून दे.