रजकाचे कष्ट

श्रीगुरुचरित्राच्या ९व्या अध्यायातला रजक कुरवपुरी कृष्णेवर वस्त्रे धुवी आणि स्नानाला येणाऱ्या श्रीपाद श्रीवल्लभांना रोज दंडवत घाली. मागणं काही नाही. एके दिवशी स्वामींनीच त्याला विचारलं, की रोज एवढे कष्ट का घेतोस? पुढचा राज्याचा वर सगळ्यांना ठाऊक असतो. मी मात्र या प्रश्नापाशीच अडतो. स्वामींनी त्याचे कष्ट पाहिले होते, आणि तसं बोलूनही दाखवलं.

गेल्या दत्तजयंतीला देणगीदारांना शाल-नारळ मीच दिले. महाप्रसादाची पातेली घासणारे काका शेवटच्या पंगतीला बसले, तेव्हा भाजी संपलेली. चार वर्षं सेवेला येतात. मी नावसुद्धा विचारलं नव्हतं. यंदा त्यांना पहिल्या पंगतीला बसवायचं, वाढायला मी. पातेली थांबतील थोडी.