विषाणूंचें अक्षरभांडार

विषाणु हा शब्द वृत्तपत्र वाचणाऱ्या कोणासहि आतां नवा राहिलेला नाहीं. परंतु नवा विषाणु आढळला म्हणजे शास्त्रज्ञ त्यास ओळखतात कसे, व ती ओळख साऱ्या जगास कळते कशी, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तें थोडक्यांत समजावून द्यावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रत्येक विषाणूच्या पोटांत त्याच्या घडणीचा एक लांबलचक लेख असतो. त्यास जीनोम म्हणतात. तो चारच रासायनिक घटकांनीं बनलेला असून त्या घटकांस ए, सी, जी व टी अशीं अक्षरें दिलेलीं आहेत. कांहीं विषाणूंत टीच्या जागीं यू असतो; तथापि नोंदींत सोयीसाठीं तेथेंहि टीच लिहितात. बेल्जममधील घेंट येथें वॉल्टर फीअर्स व त्यांचे सहकारी यांनीं १९७६ सालीं एम.एस.२ नांवाच्या विषाणूचीं सर्व ३,५६९ अक्षरें वाचलीं. विषाणूचा संपूर्ण जीनोम वाचला जाण्याची ती पहिलीच वेळ होय.

परंतु अक्षरें वाचलीं म्हणजे अर्थ कळला, असें नव्हे. एकटा जीनोम मुका असतो. त्याच्या शेजारीं दुसरा ठेवला म्हणजे तो बोलूं लागतो. समजुतीसाठीं आम्हीं तीन लहान ओळी रचल्या आहेत, त्या पाहाव्या.

पहिली : ए टी जी सी सी ए
दुसरी : ए टी जी टी सी ए
तिसरी : ए टी जी टी सी जी

पहिली व दुसरी यांत चौथें अक्षर भिन्न आहे. दुसरी व तिसरी यांत सहावें. पहिली व तिसरी यांत मात्र दोन्ही. यावरून दुसरी ही मधली असावी, असा तर्क करतां येतो. पण वंश पहिलीकडून तिसरीकडे गेला कीं उलट, हें नुसत्या अक्षरांवरून कळत नाहीं. नमुना कोणत्या दिवशीं व कोठें घेतला, हें लिहिलेलें असेल तर तें ठरविण्यास मोठी मदत होते. म्हणून अक्षरांइतकीच ती लहानशी टीपहि मोलाची आहे.

अशा नोंदींचीं मोठीं भांडारें इंटरनेटवर आहेत. अमेरिकेंतील जेनबँक १९८२ सालीं सुरू झाली. तिच्याच जोडीचीं भांडारें इंग्लंडांत हिंक्स्टन येथें व जपानांत मिशिमा येथें आहेत, आणि हीं तिन्ही आपापल्या नोंदींची परस्परांत रोज देवघेव करितात. त्यांत शोध घेण्यास मोल पडत नाहीं. ब्लास्ट नांवाचें, १९९० सालीं प्रसिद्ध झालेलें साधन असें आहे कीं, अनोळखी अक्षरें त्यास दिलीं असतां तें भांडारांतील तत्सम नोंदी हुडकून साम्य शेंकडा किती हें सांगतें. नेक्स्टस्ट्रेन हें दुसरें साधन पुष्कळ नोंदींवरून विषाणूंचा वंशवृक्ष काढून दाखवितें.

या साधनांचें महत्त्व २०२० सालीं सर्वांस पटलें. चीनमधील वूहान येथील एका रोग्याच्या नमुन्यांतून झांग योंगझेन यांच्या प्रयोगशाळेनें जानेवारीच्या आरंभीं एका नव्या विषाणूचा जीनोम वाचला. पूर्वीं नोंदलेल्या, वटवाघळांतील कांहीं विषाणूंशीं त्याचें साम्य सुमारें शेंकडा ८९ भरलें. ता. ११ जानेवारी रोजीं सिडनीचे प्राध्यापक एडवर्ड होम्स यांच्या हस्तें तीं अक्षरें जगापुढें ठेवण्यांत आलीं. तीं पाहूनच लशीचे आराखडे तयार झाले, आणि ता. १६ मार्च रोजीं अमेरिकेंतील सिअॅटल येथें पहिली लस प्रयोगादाखल टोचण्यांतहि आली. जेनबँकेंत एम.एन. ९०८९४७ या क्रमांकाखालीं ती नोंद आजहि कोणासहि पाहतां येते. तींत २९,९०३ अक्षरें आहेत.

पुढें मार्च २०२१ मध्यें, महाराष्ट्रांतील नमुन्यांत दोन विशिष्ट बदल एकत्र असलेले जीनोम वाढत्या प्रमाणांत आढळत असल्याचें केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें जाहीर केलें. त्याच कुळांतील एका शाखेस ता. ३१ मे रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें डेल्टा हें नांव दिलें. तारीख व ठिकाण यांची नोंद नसती, तर ही वाढ कळती कशी?

मात्र भांडार भरतें तें देणाऱ्यांमुळें. आणि देणारास न्याय न मिळाला तर त्याचा हात आखडतो. २००७ च्या सुमारास इंडोनेशियांत पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झानें माणसें दगावत असतां त्या देशानें आपले नमुने जागतिक आरोग्य संघटनेस देणें थांबविलें. त्याची तक्रार अशी कीं, नमुने आमचे, लस करणारे परदेशचे कारखानदार, आणि ती विकत घेण्याची ऐपत मात्र आमच्या गरिबांस नाहीं. नमुने अडवून ठेवण्यांत साऱ्या जगास धोका होता, हें खरें. पण तक्रारहि खोटी नव्हती. २००८ सालीं सुरू झालेल्या जिसएड या भांडारानें म्हणूनच असा नियम ठेवला कीं, नोंद वापरणारानें ती देणाऱ्या प्रयोगशाळेचें ऋण नांवानिशीं मान्य करावें. लशीच्या वांटपाचा प्रश्न एवढ्यानें सुटला नाहीं. परंतु देणारा अनामिक राहिला नाहीं, हेंहि थोडें नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगवहींत तारीख लिहिण्याचा कंटाळा करूं नका, आणि सोबत्याच्या वहींतून कांहीं घेतलें तर त्याचें नांव लिहिण्यास संकोचूं नका. कोठल्या तरी इस्पितळांत एका कामगारानें नमुन्याच्या नळीवर दिवस व गांव नीट लिहिला, म्हणून दूरच्या शास्त्रज्ञास वंशवृक्ष काढतां आला. पालकांनींहि आपल्या मुलांस एवढी लहान संवय लावावी, अशी आमची विनंति आहे.