लेटरहेडवरचा पगार

माझ्या हातात कागद नव्हता असं कुणी म्हणू नये. कागद होता. शाळेच्या लेटरहेडवर, शिक्का मारलेला, प्राचार्यांच्या सहीचा. गणित शिक्षिका, इयत्ता आठवी ते दहावी, दरमहा ५,५०० दिरहम, राहण्याची सोय शाळेकडून, वर्षाला एक तिकीट. २०२३ च्या दरानं हे सव्वा लाखाच्या आसपास जात होतं. सांगलीत १२ वर्षं विनाअनुदानित शाळेत शिकवून माझा पगार २२ हजारांवर अडकला होता. सासरी अजूनही बोललं जातं की चौकशी न करता गेली. मी चौकशी केली होती. तीनदा केली होती. तिन्ही वेळा उत्तर फोनवर मिळालं, लेखी काही आलं नाही, एवढीच काय ती माझी चूक.

फोनवर बोलणाऱ्या बाई मराठी होत्या, मूळच्या पुण्याच्या, दुबईतल्या त्या शाळेत सुपरवायझर. बी.एड.च्या एका मैत्रिणीमार्फत ओळख निघाली. मधे एजंट नाही याचाच आम्हाला आनंद झाला होता. आज वाटतं, नोंदणीकृत एजंट असता तर निदान भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधता आलं असतं आणि तक्रारही करता आली असती. (त्याला कायद्यानं ३० हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, हेही माहीत असू द्या. दोन-दोन लाख मोजलेल्या मुली मी तिकडे पाहिल्यात.) ओळखीच्या माणसाविरुद्ध तक्रार कुठे करणार? "अगं, मी तुला धाकट्या बहिणीसारखी आणतेय," असं त्या म्हणाल्या होत्या. हे वाक्य मी विसरलेले नाही.

व्हिजिट व्हिसावर ये, बाकीचं इथे आल्यावर करू, असं ठरलं. एप्रिलमध्ये तिथल्या सीबीएसई शाळांचं नवं वर्ष सुरू होतं, त्यामुळे मार्चअखेर सगळी घाई. मी पोहोचले त्याच्या तिसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं. पीआरओ, म्हणजे सरकारी कामं करणारा माणूस, कागदांची चळत घेऊन बसला होता. मेडिकलचा फॉर्म, एमिरेट्स आयडीचा फॉर्म, विम्याचा फॉर्म, आणि त्यातच अरबी-इंग्रजी असे दोन रकाने असलेले काही कागद. बाहेर बारा नवे शिक्षक रांगेत. "मॅडम, इथे, इथे आणि इथे." मी सह्या केल्या. वाचून सही करायला हवी होती, हे मला घरबसल्या सांगणारे खूप भेटतात. अनोळखी देशात तिसऱ्या दिवशी, तिकिटाचे पैसे उसने घेऊन आलेल्या बाईनं त्या रांगेला थांबवून वाचत बसावं, हे सांगणं सोपं आहे.

व्हिसा लागेपर्यंत ११ दिवस मी वर्गात जात होते. 'ऑब्झर्वेशन' म्हणायचं, शिकवते म्हणायचं नाही, अशी ताकीद होती. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदेशीर आहे आणि दंड जबर आहे. ही गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. मला नव्हती.

पहिला पगार आला ३,३००. विचारलं, तर म्हणाल्या, पहिल्या महिन्यात असंच होतं. दुसरा पगारही ३,३००. "प्रोबेशन संपलं की फरक मिळतो गं."

मे महिन्याच्या शेवटी, ऑफ तासाला, स्टाफरूममध्ये केरळची एक तरुण फिजिक्स शिक्षिका माझ्या शेजारी बसली होती. तिनं सहज विचारलं, मोहरेच्या ॲपवर करार पाहिलात का? मनुष्यबळ मंत्रालयाला तिथे सगळे 'मोहरे'च म्हणतात. मला ॲप आहे हेच माहीत नव्हतं. तिनंच माझ्या फोनवर ते घेतलं, यूएई पासनं, म्हणजे तिथल्या डिजिटल ओळखपत्रानं, लॉगिन करून दिलं. करार उघडला. मूळ पगार १,७००. घरभाडे भत्ता १,३००. प्रवास भत्ता ८००. एकूण ३,८००. खाली माझी सही. माझीच, 'स'ला दिलेल्या त्या लांब शेपटासकट. मी तो आकडा तीन-चार वेळा वरखाली करून पाहिला. मला वाटलं दुसऱ्या कुणाचा करार उघडला गेलाय. मग पासपोर्ट नंबर पाहिला. घंटा झाली, नववी 'ब'वर माझा तास होता, द्विपदींचे अवयव. मी गेले आणि ४० मिनिटं शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

म्हणजे लेटरहेडवरचे ५,५०० सरकारच्या लेखी कुठे नव्हतेच. ३,८०० होते, आणि त्यातूनही महिना ५०० 'व्हिसा रिकव्हरी' म्हणून कापले जात होते. राहण्याची सोय म्हणजे तेच १,३०० दिरहम. शारजाच्या अल नाहदामध्ये तिघींत एक खोली, मधे पडदे, माझ्या बेडस्पेसचं भाडं ९००. दुबईतल्या शाळेची बस पहाटे ५:१० ला खालून निघायची आणि बसमधल्या मुलांवर लक्ष ठेवायची ड्यूटी माझी, अर्थात बिनपगारी. खोलीतली एक शारजाच्या शाळेत होती. २०२२ पासून शारजात शाळांचा आठवडा चारच दिवसांचा आहे. शुक्रवारी पहाटे ती झोपलेली असायची आणि मी अंधारात चप्पल शोधायचे.

मी सुपरवायझर बाईंकडे गेले. फोन समोर धरला. त्यांनी नीट पाहिलंही नाही. "मंत्रालयाचा कागद वेगळाच असतो गं, सगळ्यांचा तसाच असतो. तू कशाला उघडून बघत बसलीस?" मी म्हटलं, ताई, मग फरक कधी मिळेल, तेवढं मेलवर लिहून द्या. तेव्हा त्यांचा आवाज बदलला. 'अगं'चं 'अहो मॅडम' झालं. "अहो मॅडम, तुमच्यासारख्या पन्नास अर्ज करून बसल्यात." आणि त्या उठून गेल्या. रागापेक्षाही ते 'अहो मॅडम' मला जास्त लागलं. त्या क्षणी मला कळलं की त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं.

तर जाणाऱ्यांसाठी पहिली गोष्ट. शाळेचं पत्र म्हणजे करार नव्हे. मंत्रालयाच्या साच्यातली जॉब ऑफर वेगळी असते, तिच्यावर नंबर असतो, आणि करार त्या ऑफरप्रमाणेच असावा लागतो. ती ऑफर भारतात असतानाच मागा. शाळेची नियत साफ असेल तर ती पाठवते. 'इथे आल्यावर देऊ' म्हटलं की थांबा. माझ्या आताच्या शाळेनं ती मला आधी पाठवली होती, त्यामुळे हे होत नाही असं मला कुणी सांगू नये.

दुसरं, एकूण पगार बघून खूश होऊ नका, मूळ पगार बघा. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराएवढी मिळते, तीही वर्ष पूर्ण झालं तरच. माझ्या १,७०० वर ती वर्षाला १,१९० दिरहम. मूळ पगार ३,००० असता तर २,१०० झाली असती. भत्ते फुगवून मूळ पगार खाली ठेवणं ही तिथल्या कितीतरी शाळांची पद्धतच आहे.

व्हिसाचा आणि भरतीचा खर्च मालकानं करायचा, कामगाराकडून घ्यायचा नाही, असं २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्यात आहे. तो फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच कायद्यात पासपोर्ट किंवा इतर अधिकृत कागद अडवून ठेवायला मनाई आहे. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त नसतं. त्या काळात सोडून देश सोडणार असाल तर १४ दिवसांची नोटीस, तिथेच दुसरीकडे जाणार असाल तर महिन्याची. न सांगता निघून जाऊ नका, बंदीची टांगती तलवार येते. हे सगळं मी मे ते सप्टेंबर रात्री बसून वाचलं. नवऱ्याला फोनवर सांगायचे, तो म्हणायचा परत ये. परत येऊन उसने पैसे कुठून फेडणार होते?

आता कागदांचं. हे बायकांनी जास्त लक्षपूर्वक वाचा. माझी बी.एस्सी.ची पदवी माहेरच्या नावानं, बी.एड. सासरच्या, आणि पासपोर्टवर नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असा तिसराच क्रम. तिकडच्या अधिकाऱ्याला मधलं नाव म्हणजे काय हे समजत नाही आणि त्याचा दोषही नाही. नावबदलाचं महाराष्ट्र राजपत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा, आणि पदव्यांबरोबर दाखल्याचंही अटेस्टेशन करून घ्या. मी ते केलं नव्हतं, त्यामुळे शिक्षक परवान्याची मंजुरी लांबली. शिक्क्यांचा क्रम असा: आधी राज्य सरकार, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात, आणि तिकडे पोहोचल्यावर तिथलं परराष्ट्र खातं. आठवडे जातात. नोकरी पक्की झाल्यावर सुरू करू म्हणू नका. अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, विषय आणि इयत्ता स्पष्ट हवी. 'उत्तम चारित्र्याच्या आहेत' एवढ्यावर तिथे काही चालत नाही. पोलीस क्लिअरन्सही लागतं.

ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांत पगार जास्त, म्हणून बरेच जण पीजीसीई या शिक्षक-प्रशिक्षणाच्या ऑनलाइन आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमामागे लागतात. करा, पण त्यानं इंग्लंडचं क्यूटीएस, म्हणजे तिथली अधिकृत शिक्षक-पात्रता, आपोआप मिळत नाही. विकणारे हे बारीक अक्षरात लिहितात. या शाळांचं वर्ष ऑगस्टअखेर सुरू होतं, मुलाखती आदल्या हिवाळ्यापासून असतात. आणि एक कडू गोष्ट: तोच विषय, तेवढेच तास, पण पासपोर्ट वेगळा म्हणून पगार वेगळा, हे तिथे डोळ्यांनी बघावं लागतं. मनाची तयारी ठेवा. माझी होत नाही अजून.

घराचं म्हणाल तर पहिले सहा महिने महिन्याच्या भाड्यानंच राहा. फ्लॅटचं भाडं वर्षाचं असतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. नोकरी गेली आणि चेक वटला नाही तर फार महागात पडतं. डब्यात पोळी-भाजी न्या, कॅन्टीनमध्ये पैसे जातात. पगार कमी पडतो म्हणून शिकवण्या घ्यायचा सल्ला सगळे देतात. परवान्याशिवाय घेऊ नका. डिसेंबर २०२३ पासून खासगी शिकवणीचा रीतसर परवाना मिळतो, तो काढा.

मी वर्ष पूर्ण केलं. मुलं अर्ध्यात सोडायची नाहीत हे मी ठरवलं होतं, आणि माझ्या दहावीच्या वर्गाचा निकाल बघितला तर माझ्या कामाबद्दल कुणाला बोट ठेवता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये नोटीस देऊन सोडलं. तेव्हा कळलं की परवान्यासाठी म्हणून दिलेल्या मूळ पदव्या 'क्लिअरन्स' झाल्याशिवाय मिळणार नाहीत. क्लिअरन्ससाठी एक कागद पुढे केला: माझं शाळेकडे काहीही येणं नाही. या वेळी मी वाचला. सही केली नाही. ॲपवरून मोहरेकडे तक्रार केली. तक्रारीला पैसे पडत नाहीत. २०२४ च्या सुरुवातीपासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या वादात मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकतं, त्यामुळे शाळा तातडीनं बोलायला आली.

व्हिसा रिकव्हरीचे कापलेले पैसे मिळाले. लेटरहेड आणि करारातल्या, महिन्याच्या १,७०० च्या फरकाचं काही झालं नाही. पगार बँकेतून मंत्रालयाच्या नजरेखालून जातो. करारात ३,८००, आणि कपात धरली तर बँकेतही तेवढेच. लेटरहेडचा कागद दाखवला. समोरच्या अधिकाऱ्यानं तो शांतपणे वाचला आणि विचारलं, नंतरच्या करारावर सही तुमचीच आहे ना? तो माणूस माझ्याशी सभ्यपणे वागला. एवढ्या वर्षभरात शाळेच्या ऑफिसातलं कुणी तसं वागलं नव्हतं.

तक्रारीनंतर नवव्या दिवशी शाळेनं पदव्या घ्यायला बोलावलं. रिसेप्शनवर प्लॅस्टिकचं फोल्डर ठेवलेलं होतं. सुपरवायझर बाई काचेच्या दारापलीकडे उभ्या होत्या, बाहेर आल्या नाहीत. मी तिथेच उभं राहून एकेक कागद तपासला, कारण आता मी तपासते. बी.एस्सी. होती. गुणपत्रिका होत्या. शिवाजी विद्यापीठाच्या बी.एड.च्या मूळ प्रमाणपत्राला डाव्या बाजूनं फाइलीत लावायला पंचनं दोन भोकं पाडलेली होती. एक भोक माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरातून गेलं होतं.