पानथरी कुठे असते, केवढी असते?

विहारात आरोग्याचा वर्ग घेतला की आम्ही आधी विचारतो, "काळीज कुठे आहे? हात ठेवून दाखवा." सगळ्या बाया छातीवर हात ठेवतात. मग विचारतो, मटणाच्या दुकानातून काळीज आणता ते काय असते? तेव्हा हशा पिकतो. दुकानातले काळीज म्हणजे यकृत. ते छातीत नाही, पोटात उजव्या बरगड्यांच्या आड असते. मोठ्या माणसाचे यकृत दीड किलोच्या आसपास भरते. पोटातला हा सर्वांत मोठा अवयव. छातीत धडधडते ते हृदय, साधारण ज्याच्या त्याच्या मुठीएवढे. गुर्दे दोन, पाठीकडच्या बाजूला, प्रत्येकी चार-साडेचार इंच लांब. लहान आतडे वीस फुटांच्या आसपास आणि मोठे आतडे पाच फूट. लहान-मोठे ही नावे जाडीवरून पडली, लांबीवरून नाही.

एका अवयवाकडे मात्र कोणाचाच हात जात नाही. तो म्हणजे पानथरी. पुस्तकात तिला प्लीहा म्हणतात, हिंदीत तिल्ली. सतिपट्ठान सुत्तात शरीराच्या भागांची यादी आहे, तिच्यात यकृताच्या जवळच 'पिहक' म्हणून हिचे नाव येते. इतक्या जुन्या यादीत आहे आणि आपल्या बोलण्यात नाही, याचे आम्हाला नवल वाटते. कारण वर्धा-नागपूरकडच्या आपल्या घरांना सर्वांत जास्त ओळख हिचीच हवी.

पानथरी डाव्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या आड असते. मोठ्या माणसात लांबी चार-पाच इंच, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. निरोगी पानथरी सहसा हाताला लागत नाही. ती दुप्पट-तिप्पट वाढली की बरगडीखाली येते. तिचे काम रक्त गाळण्याचे. जुन्या तांबड्या पेशी ती मोडते, जंतू अडवते.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी इळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. गोल पेशी चार महिने जगते, ही दोन-तीन आठवड्यांतच मोडते. वाकड्या पेशी पानथरीच्या बारीक वाटांत अडकतात. कधी कधी काही तासांतच शरीरातले बरेचसे रक्त तिथे कोंडते. पानथरी फुगते, अंगातले रक्त एकदम कमी होते, आणि लेकरू त्याच दिवशी दगावू शकते. लहान मुलांत हा धोका जास्त.

आमच्या ओळखीच्या एका घरी हेच झाले. चार वर्षांचे लेकरू सकाळी अंगणात खेळत होते. दुपारी मलूल पडले, ओठ पांढरे. ऊन लागले असेल म्हणून कांद्याचा रस चोळला, पोट फुगले म्हणून हिंग लावला. शेजारची एक म्हातारी डागणी द्या म्हणाली. ते आईने ऐकले नाही, हे बरे केले. संध्याकाळी दवाखान्यात रक्त चढवले आणि लेकरू वाचले. माय आम्हाला म्हणाली, "डावीकडं टणक लागत होतं जी, पण मले वाटलं, जेवला असन." तिच्या हाताला कळले होते. ते काय आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

जमैका देशात डॉक्टरांनी आयांना घरीच पानथरी तपासायला शिकवले. लेकरे वेळेवर दवाखान्यात येऊ लागली आणि या कारणाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. पद्धत सोपी आहे. लेकराला उताणे झोपवा, गुडघे दुमडा. बोटे सपाट ठेवून बेंबीच्या खालून सुरुवात करा आणि हलक्या हाताने डाव्या बरगडीकडे सरका. लेकराने श्वास घेतला की टणक काठ बोटांवर येतो का पाहा. जोराने दाबायचे नाही. पहिल्यांदा सिस्टरकडून किंवा डॉक्टरांकडून हात धरून शिकून घ्या. काही मुलांची पानथरी नेहमीच दोन बोटे लागते. ते माप कार्डावर लिहून ठेवा.

हा आजार करणीचा नाही, पापाचा नाही, कोणाच्या जातीचा कलंकही नाही. एकच दोष असलेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. म्हणून मलेरियाच्या मुलखांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्येच केली होती. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. तरीही सोयरीक जुळवताना आम्ही पत्रिका नाही म्हणतो आणि रक्ताचा कागदही मागत नाही. हा कागद मागायला लाज कसली? प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली चाचणी होते. पक्क्या निदानासाठी जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

लेकरू अचानक पांढरे पडले, सुस्त झाले, धाप लागली किंवा पानथरी कालच्यापेक्षा मोठी लागली, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा. ताप आला तरी त्याच दिवशी दाखवा. कार्ड सोबत घ्या आणि पानथरी किती बोटे वाढली, ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.