सोनूला पत्र: कोड सगळ्यांच्या लॅपटॉपवर चालायला हवा

चि. सोनूस,


हळदीची आवक आणि भाव नोंदवणारं वेब ॲप तुम्ही चौघं मिळून करताय, याचा फार आनंद झाला. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं असताना जिल्ह्यातल्या मुलांनी हे काम घ्यावं, हेच योग्य. पण ते फक्त तुझ्या लॅपटॉपवर चालतं, हे मला पटलेलं नाही. एकाकडे पायथॉनची आवृत्ती वेगळी, दुसऱ्याकडे पोस्टग्रेस बसत नाही. अशाने शिकणं राहतं आणि जुळवाजुळवच होते. डॉकर वापरा.

डॉकर २०१३ मध्ये आलं, पण ज्या सोयींवर ते उभं आहे त्या लिनक्समध्ये आधीपासून होत्या. नेमस्पेसमुळे प्रोग्रामला आपल्यापुरतंच जग दिसतं आणि सीग्रुपमुळे त्याने किती मेमरी घ्यायची ते ठरतं. अशा आखून दिलेल्या जगात चालणारा प्रोग्राम म्हणजे कंटेनर. तो वेगळा संगणक नव्हे, म्हणूनच हलका असतो. विंडोजवर हे सगळं डब्ल्यूएसएल २ या आतल्या लिनक्समधून चालतं. ते निम्म्यापर्यंत मेमरी घेऊ शकतं, तेव्हा आठ जीबीच्या लॅपटॉपवर त्याला मर्यादा घालून दे. कोडही सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेव, नाहीतर प्रत्येक फाइल उघडायला वेळ लागेल.

ॲप चालवणाऱ्या जँगोचा एक आणि पोस्टग्रेस डेटाबेसचा एक असे दोन कंटेनर डॉकर कंपोझच्या फाइलीत लिही. इथे बहुतेक जण एकाच जागी अडतात. जँगोच्या कंटेनरमधून 'लोकलहोस्ट' म्हटलं, की तो स्वतःलाच शोधतो. डेटाबेस तिथे नसतोच. पत्ता म्हणून कंपोझमध्ये दिलेलं सेवेचं नाव लिही. जँगोचा सर्व्हर ०.०.०.० वर चालव, नाहीतर ब्राउझरला तो सापडणार नाही. आणि पोस्टग्रेसचा कंटेनर सुरू झाला म्हणजे तो जोडणी घ्यायला तयार झाला, असं नसतं. त्यासाठी हेल्थचेक लाव.

कंटेनर कधीही मोडून पुन्हा उभा करता येतो. डेटा तसा नाही, तो व्हॉल्यूममध्ये ठेव. कंपोझच्या 'डाऊन' आज्ञेला 'व्ही' जोडलास तर व्हॉल्यूमही पुसला जातो; ती आज्ञा सवयीने देऊ नकोस. पोस्टग्रेसचा आकडा पक्का लिही, 'लेटेस्ट' नको. उद्या मोठी आवृत्ती बदलली, की नवं पोस्टग्रेस जुनी डेटा फाइल उघडतच नाही. सरावासाठी थोड्या नमुना नोंदी कोडसोबतच ठेवा. त्यात हळदीच्या कांडी आणि गट्टूचे वेगळे भाव असू देत, आणि बाजार बंद असल्याचा एखादा दिवसही. ॲपची खरी परीक्षा अशाच नोंदींवर होते.

इंटरनेट किती हळू चालतं ते तुला वेगळं सांगायला नको. डॉकरफाइलीत आधी लायब्ररींची यादी घे, त्या बसव आणि मगच कोड आण. मग कोडातली एक ओळ बदलली म्हणून सगळं पुन्हा उतरवावं लागत नाही. तयार इमेज 'सेव्ह' करून पेनड्राइव्हवर दे, बाकीचे ती 'लोड' करतील. पासवर्डची फाइल मात्र गिटमध्ये कधीच टाकू नका.

हे शिकून काय उपयोग, असं तुझे बाबा विचारतील. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहतेय. २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. लायगोचे शास्त्रज्ञही आपलं सॉफ्टवेअर कंटेनरमधून एका संगणकावरून दुसऱ्यावर नेतात. बाबांना हे सांग.

आता एक कर. चौघांपैकी ज्याचा लॅपटॉप सगळ्यात जुना आहे, त्याला फक्त रेपो आणि पेनड्राइव्ह दे. तू शेजारी बसू नकोस. एका आज्ञेत पान उघडलं तर काम झालं. नाही उघडलं तर तो कुठे अडला ते रीडमीमध्ये मराठीत लिही आणि मलाही कळव.

तुझी,
मावशी