हिशेबाच्या फाइलची जन्मनोंद

जमाखर्च तपासताना नुसत्या आकड्यांवर विसंबू नये, प्रत्येक नोंदीमागचे व्हाउचर पाहावे, हे लेखापरीक्षणाच्या पहिल्या धड्यातच आपण शिकतो. आज बरेचसे तक्ते एक्सेलमध्ये तयार होतात. अशा फाइलमध्ये तिची स्वतःची जन्मनोंदही असते. ती कशी वाचावी व तिच्यावर किती विश्वास ठेवावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. देवास जिल्ह्यातील कन्नौद हे पूर्वी होळकरांच्या इंदूर संस्थानात होते. मराठेशाहीतील मोडी पत्रांत मजकूर संपला की शेवटी मोर्तबाचा शिक्का उठवीत. त्यापुढे मागाहून कोणी ओळ वाढवू नये, हा त्यामागील हेतू. म्हणजे मजकुराबरोबर त्या कागदाविषयीची ग्वाहीही कागदावरच असे.

समजा, त्याच कन्नौदच्या एखाद्या अडत दुकानातील सोयाबीन खरेदीचा तक्ता आपल्या हाती आला. एक्सेल २००७ पासून रूढ झालेली 'एक्सएलएसएक्स' फाइल म्हणजे वस्तुतः झिप पद्धतीने बांधलेले गाठोडे असते. तिच्या आत 'डॉकप्रॉप्स' नावाचा कप्पा असतो. त्यातील 'कोअर' या फाइलमध्ये कर्त्याचे नाव, शेवटचा बदल करणाऱ्याचे नाव आणि निर्मितीची व बदलाची वेळ मिळते. 'ॲप' या फाइलमध्ये प्रोग्रामचे व कंपनीचे नाव असते. ही नोंद युनिकोडमध्ये असल्याने नाव मराठीत असो वा कन्नडमध्ये, ते जसेच्या तसे वाचता येते.

एखादी फाइल हाताने पाहता येईल. पण शंभर असल्या तर ते काम संगणकावरच सोपवावे. पायथॉन भाषेत 'ओपनपायएक्सएल' हे साधन आहे. त्याच्या पायऱ्या अशा:

१) 'लोड वर्कबुक' या आज्ञेने फाइलची प्रत उघडावी.
२) त्या वर्कबुकचे 'प्रॉपर्टीज' मागावे.
३) त्यातून 'क्रिएटर', 'लास्ट मॉडिफाइड बाय', 'क्रिएटेड' व 'मॉडिफाइड' ही चार मूल्ये छापावीत.
४) 'सेव्ह' मात्र करू नये, केल्यास बदलाची वेळ आताची पडते व पुरावाच बिघडतो.

एक्सेलमधील व्हीबीए भाषेत हेच काम 'बिल्टइन डॉक्युमेंट प्रॉपर्टीज' या संग्रहाकडून होते.

आता या साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ. पहिली गोष्ट नावाची. 'क्रिएटर' म्हणजे आकडे भरणारा माणूस नव्हे. त्या संगणकावरील एक्सेलमध्ये जे नाव नोंदलेले असेल ते तिथे उमटते. जुन्या तक्त्यावरून नवा केला तर जुन्याच कर्त्याचे नाव पुढे चालते. दुसरी गोष्ट वेळेची. आतील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते व आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. नोंदीत '३१ मार्च, १९:००' दिसले, तर आपल्याकडे १ एप्रिलचे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात, म्हणजे आर्थिक वर्षच बदललेले असते! तिसरी गोष्ट अशी की ही नोंद कोणालाही पुसता वा बदलता येते.

म्हणूनच कायदा एवढ्यावर थांबत नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद राहणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते व त्यात फाइलचे 'हॅश' मूल्यही नमूद करावे लागते. फाइलमधील एक अक्षर बदलले तरी हे मूल्य बदलते.

तात्पर्य, फाइलची जन्मनोंद चौकशीची दिशा दाखवते, निकाल देत नाही. नोंदीतले नाव वाचून एखाद्या कारकुनाला दोषी ठरवणे म्हणजे व्हाउचर न पाहता खतावणीवर सही करण्यासारखे आहे. मूळ पावती, तोलाची चिठ्ठी व बँकेची नोंद यांच्याशी ती ताडून पाहिल्यावरच तिला पुराव्याचे मोल येते.