लेसर, काच आणि मामांची भेट

मागच्या टर्मला आमच्या लॅबमधले मामा रिटायर झाले. आम्ही वर्गणी काढून काचेचं मानचिन्ह घेतलं आणि खोपटला माझ्या घराजवळच्या एका दुकानात त्यावर लेसरने नाव कोरायला दिलं. "दादा, पॉवर वाढवा ना, अक्षरं खोल येऊ देत," असं मीच सांगितलं. अक्षरं झकास आली. रात्री मात्र टेबलावरून 'टिक्' असा आवाज आला. सकाळी बघते तर नावातून तडा गेलेला आणि बारीक कपच्या उडालेल्या! कार्यक्रम दोन दिवसांवर आलेला.

आजी म्हणाली, "अगं, तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा थेंब पडला की अशीच तडकायची." मी हसले. पण पुस्तकं उघडल्यावर कळलं, की आजीने सगळा धडा एका वाक्यात सांगितला होता.

काच कोणता प्रकाश अडवते?

खिडकीतून ऊन सरळ आत येतं, म्हणजे दिसणारा प्रकाश काच अडवत नाही. पोलाद कापणाऱ्या फायबर लेसरची तरंगलांबी सुमारे १.०७ मायक्रॉन. तोही काचेतून बहुतांशी आरपार जातो. कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी मात्र १०.६ मायक्रॉन. असा इन्फ्रारेड प्रकाश काचेतले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध जोरात शोषून घेतात. त्यामुळे सगळी ऊर्जा पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरातच उष्णता बनते.

हा लेसर कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनीयरिंगची पदवी पुण्याच्या सीओईपीची, १९५८ सालची! आपण कॉलर थोडी ताठ करायला हरकत नाही.

तडा का जातो?

काचेतून उष्णता पोलादाच्या मानाने जवळजवळ पन्नास पट कमी वाहते. म्हणून लेसर पडतो तिथलाच थर तापून मऊ होतो, खालची काच थंडच राहते. लेसर पुढे गेला की तो थर निवतो आणि आकसू बघतो, पण खालची काच त्याला आकसू देत नाही. वरचा थर ओढला जातो.

आता हिशोब करू. साध्या काचेचा प्रसरणांक दर अंशाला ९ × १०⁻⁶, यंग मॉड्युलस ७० गिगापास्कल. तापमानात १०० अंशांचा फरक धरला, तर तिन्हींचा गुणाकार येतो ६३ मेगापास्कल. काच दाब भरपूर सोसते, ओढ नाही. पृष्ठभागावर ओरखडे असतील तर ती याहून कमी ताणालाही तडकते. लॅबमधल्या बोरोसिलिकेट काचेचा प्रसरणांक ३.३ × १०⁻⁶, म्हणून ती जास्त तग धरते.

गंमत म्हणजे कारखान्यात हाच दोष कामाला लावतात. काचेच्या कडेला छोटी खाच पाडायची, रेषेवरून लेसर फिरवायचा आणि त्याच्या मागोमाग गार फवारा मारायचा. तडा आपल्याला हवा त्या रेषेत चालत जातो. काच वितळत नाही, भुगा पडत नाही, कड स्वच्छ निघते. आजीचा कंदीलच, फक्त शिस्तीतला!

काचेच्या आतला बाप्पा

काचेच्या ठोकळ्यातला गणपती तुम्ही पाहिला असेल. तिथे मुद्दाम आरपार जाणारा लेसर वापरतात. भिंगाने तो आत एका बिंदूवर गोळा केला, की तेवढ्याच जागी प्रकाश इतका तीव्र होतो की काचेला तो शोषावाच लागतो. तिथे सूक्ष्म तडा, म्हणजेच पांढरा ठिपका तयार होतो. असे हजारो ठिपके मिळून बाप्पा! फेम्टोसेकंद लेसरने तर तडा न पाडता आतला अपवर्तनांकच बदलता येतो. जपानमधल्या हिराओ यांच्या गटाने १९९६ मध्ये अशा प्रकारे काचेच्या आत प्रकाशाच्या वाटा लिहून दाखवल्या.

आणि मामांचं मानचिन्ह? वर्गणी संपली होती, म्हणून दुसरी काच माझ्या पॉकेटमनीतून आणली. या वेळी पॉवर कमी, वेग जास्त, काचेवर ओला कागद आणि भरीव अक्षरांऐवजी ठिपक्यांची अक्षरं. नाव थोडं फिकं आलं, पण तडा गेला नाही. मामांनी ते उजेडासमोर धरून वाचलं आणि रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

तडकलेलं मानचिन्ह माझ्या टेबलावर आहे. व्हायव्हाला कुणी 'थर्मल स्ट्रेस' विचारला, तर तेच पुढे करीन!